इंग्रजीत ग्रामर बरोबर येतं पण शब्दांची जोडी चुकते, कसं सुधारायचं?

मांजराकाठचा:

नमस्कार मंडळी. मी मूळचा लातूर जिल्ह्यातला, दहावीपर्यंत मराठी मिडियम, मग डिप्लोमा, आता सात वर्षं झाली चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. ड्रॉइंग, रिपोर्ट, मेल सगळं वाचून कळतं, टेन्सपण बऱ्यापैकी बरोबर येतात. माझी अडचण वेगळीच आहे. मागच्या महिन्यात बाहेरच्या कस्टमरसोबत कॉल होता, त्यात मी बोललो की वुई डिड अ मिस्टेक, नेक्स्ट टाइम वुई विल गिव्ह मोअर अटेन्शन. काम झालं, त्यांना समजलं. पण नंतर मीटिंगचे मिनिट्स आले त्यात माझंच वाक्य कुणीतरी दुरुस्त करून टाकलेलं, मेड अ मिस्टेक आणि पे अटेन्शन. आता मेकचं एक वेळ ठीक आहे पण अटेन्शनला पे का, पैशाचा काय संबंध, मी दिवसभर तोच विचार करत होतो.

आणि घरी मुलगी दुसरीत आहे, इंग्लिश मिडियमला, ती म्हणते पप्पा क्लोज द फॅन नाही, टर्न ऑफ द फॅन. तिने सांगितलं त्याचं वाईट नाही वाटलं, उलट बरं वाटलं, पण मला तिचा अभ्यास घ्यायचाय हो पुढं.

मोबाईलवर एक पीडीएफ घेतली, पाचशे जोड्यांची, ए पासून झेडपर्यंत. रोज दहा पाठ केल्या. आठवड्याने डू कुठं आणि मेक कुठं सगळी खिचडी झाली. ह्याला काही नियम आहे का, आणि नसेल तर तुम्ही लोक कसं शिकलात?

खडूफळा:

दादा, मी कोल्हापूरकडे हायस्कूलला इंग्रजी शिकवते, १९ वर्षं झाली. मराठी मिडियमची पोरं जिथे अडतात तिथेच तुम्ही अडलाय, त्यामुळे काळजी करू नका.

आधी एक करून बघा. पिवळा म्हटलं की पुढे काय येतं? धमक. काळा म्हटलं की कुट्ट. हिरवागार, पांढराशुभ्र, निळाशार, लालभडक. आता कुणी काळागार किंवा हिरवाकुट्ट म्हणालं तर कानाला लगेच खटकतं ना? हे तुम्हाला कुठल्या गुरुजींनी नियम सांगून शिकवलं? नाही शिकवलं. आईने म्हटलेलं ऐकलं आणि जोडीच्या जोडी डोक्यात बसली, धमक हा शब्द वेगळा असा कधी शिकलाच नाही आपण. इंग्रजीत अगदी हेच आहे. मिट्ट काळोखाला पिच डार्क, गाढ झोपलेल्याला फास्ट अस्लीप, कोऱ्या करकरीत वस्तूला ब्रँड न्यू, कोरड्या ठणठणीतला बोन ड्राय. फास्ट अस्लीप म्हणजे वेगात झोपलेला नाही, फास्टचा जुना अर्थ घट्ट, पक्का असा आहे, तो या जोडीत तसाच राहिलाय. पिच म्हणजे डांबरासारखा काळा चिकट पदार्थ.

भाषाशास्त्रात याला कोलोकेशन म्हणतात. हा शब्द रूढ केला जे. आर. फर्थ या ब्रिटिश अभ्यासकाने, १९५० च्या दशकात. शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून, असं त्यांचं म्हणणं होतं. हे फर्थ १९१९ ते १९२८ लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते, मला हे कळलं तेव्हा फार आवडलं होतं. पुढे भाषाशास्त्रज्ञ हॅलिडे यांनी चहाचं उदाहरण दिलं, ते मी दरवर्षी वर्गात सांगते. स्ट्राँग आणि पॉवरफुल, अर्थ जवळजवळ एकच, पण चहा स्ट्राँगच असतो, पॉवरफुल टी कुणी म्हणत नाही. आपणही कडक चहा म्हणतो, बळकट चहा म्हणत नाही. का, याला उत्तर नाही.

म्हणून पीडीएफ बंद करा. ए टू झेड लावलेल्या जोड्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो, त्या टिकणार नाहीत.

लीड्सची_पाहुणी:

मी ११ वर्षं लीड्सला आहे, माहेर सांगली. ताईंनी छान सांगितलंय, मी फक्त मी काय केलं ते सांगते कारण मीपण मराठी मिडियमचीच आणि पहिलं वर्षभर मी इथे पावसाला स्ट्राँग रेन म्हणत होते आणि कुणी दुरुस्त करत नाही हो इथे, लोक फारच सभ्य असतात, त्यामुळे चूक कळतच नाही. इथे पाऊस हेवी, ट्रॅफिक हेवी, वारा मात्र स्ट्राँग आणि धुकं थिक.

माझा मुद्दा असा की सगळ्या जोड्या पाठ करायच्याच नाहीत. अर्ध्या तर आपल्याला फुकट येतात. वेळ वाचवणे म्हणजे सेव्ह टाइम, गाडी पकडणे म्हणजे कॅच अ ट्रेन, शब्द मोडणे म्हणजे ब्रेक अ प्रॉमिस, प्रश्न विचारणे तर सरळच आहे. तिथे मराठीचं इंग्रजी केलं तरी चालतं. वहीत फक्त त्या लिहायच्या जिथे मराठी आणि इंग्रजीची वाट फुटते.

आणि वही मराठी क्रियापदाप्रमाणे लावायची, कारण बोलताना आधी डोक्यात मराठीच येतं. माझं सगळ्यात मोठं पान काढणेचं आहे. फोटो काढणे, टेक. चित्र काढणे, ड्रॉ. बँकेतून पैसे काढणे, विथड्रॉ. तिकीट काढणे, बाय. चपला काढणे, टेक ऑफ. कर्ज काढणे, टेक आउट. केर काढणे, स्वीप द फ्लोअर. एक मराठी शब्द आणि समोर इंग्रजीचे किती! दुसरं पान देणेचं. परीक्षा देणे, इथे सिट किंवा टेक ॲन एक्झाम. मी गिव्ह म्हटलं होतं तर समोरच्या बाईंना वाटलं मी टीचर आहे.

तुमच्या त्या 'पे'चं उत्तर याच पानावर आहे. लक्ष देणे, पे अटेन्शन. भेट देणे, पे अ व्हिजिट. कौतुकाचे दोन शब्द बोलणे, पे अ कॉम्प्लिमेंट. समोरच्याचं जे देणं लागतो ते द्यायचं, असं मी मनाशी धरलं, त्यात पैसे नसले तरी. हा काही व्याकरणाचा नियम नाही पण मला त्याने चारही जोड्या (चौथी पे रिस्पेक्ट्स) एकदम लक्षात राहिल्या.

तिसरी_पाळी:

एक वेगळं मत मांडतो. एवढं घाबरून पण जाऊ नका. टेक अ डिसिजन बोललो म्हणून मला एकदा ट्रेनिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करून चूक सांगितलं, नंतर बघितलं तर ब्रिटिश लोक टेक पण म्हणतात, मेक पण म्हणतात, अमेरिकन लोक मेक म्हणतात. म्हणजे चूक नव्हतीच. प्रिपोन (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) हा आपल्याकडचा शब्द आता ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे. फक्त जिथे अर्थच बदलतो तिथे जपायचं. आय पास्ड आउट इन २०१५ असं बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला वाटेल हा चक्कर येऊन पडला होता. तिथे ग्रॅज्युएटेड म्हणा. बाकी हळूहळू होतं.

आणि शंका आली तर गूगलचं एनग्राम व्ह्यूअर म्हणून आहे, दोन जोड्या स्वल्पविराम देऊन टाका, छापील पुस्तकांत कुठली किती वापरली त्याचा ग्राफ येतो. मेड अ मिस्टेक आणि डिड अ मिस्टेक टाकून बघा, एक रेघ वर आणि एक पार तळाला.

मांजराकाठचा:

सगळ्यांचे मनापासून आभार. लीड्सच्या ताई, क्रियापदाची आयडिया लगेच पटली. ग्राफपण बघितला. फक्त ते करणे राहिलं, डू आणि मेक. मराठीत दोन्हीला करणेच आहे, मग?

खडूफळा:

पूर्ण नियम नाही, पण बराच आधार मिळेल असं सांगते. आधीच असलेलं, उरकायचं काम असेल तर डू. होमवर्क, भांडी, धुणं, शॉपिंग. आधी नव्हतं आणि केल्यावर झालं असं असेल तर मेक. चहा, आवाज, यादी, प्लॅन, फोन कॉल. चूकही तशीच, आधी नव्हती, आपण केली म्हणून झाली, म्हणून मेक. याच्या बाहेरच्या जोड्या सुट्या पाठ करा, म्हणजे डू मी अ फेवर, आणि अंथरूण आवरायचं ते मेक द बेड. आणि जोडी बघायची असेल तर कोलोकेशनची डिक्शनरी मिळते, त्यात नामाखाली शोधा, क्रियापदाखाली नाही. मिस्टेक काढलं की त्याच्या सोबतची क्रियापदं तिथेच असतात.

मांजराकाठचा:

आठवडा झाला म्हणून सांगायला आलो. फ्रिजवर कागद लावलाय, रोज तीनच जोड्या, मी मराठी लिहितो आणि मुलगी इंग्रजी लिहिते. काढणेचं पान तर भरून मागे गेलं. काल तिने विचारलं, आजी संध्याकाळी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढते त्याला काय म्हणायचं? मला नाही आलं. कुणाला येत असेल तर सांगा, ती विचारतेय सारखी.

लीड्सची_पाहुणी:

त्याला इंग्रजीत तयार जोडी नाही. नजरेला ईव्हिल आय म्हणतात, पण काढणेच्या जागी त्यांच्याकडे रोजचा ठरलेला शब्द नाही. मी इथे मैत्रिणींना दृष्ट काढणे असंच म्हणते आणि मग मीठमोहऱ्या हातात घेऊन दाखवते. कागदावर तिथे मराठीच राहू दे.