मदत हवी आहे: फुफ्फुसांसाठीची इंजेक्शनं आणि आईची शुगर

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला ३१ वा आठवडा चालू आहे. लवकर कळा आल्या म्हणून ॲडमिट केलंय आणि डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू झालीत, ६ मिलिग्रॅम दर १२ तासांनी, एकूण ४ डोस. यानं बाळाच्या फुफ्फुसात सरफॅक्टंट, म्हणजे फुफ्फुसं उघडी ठेवणारा पातळ थर, वाढतं आणि जन्मल्यावर हवेच्या बारीक पिशव्या मिटून जात नाहीत, एवढं समजलं. दम्यासाठी ती प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेत होतीच, मग हे वेगळं कशाला, असं आई सारखं विचारत होती. तर प्रेडनिसोलोन बरंचसं वारेतच (प्लासेंटात) निष्प्रभ होतं, बाळापर्यंत फार थोडं पोचतं. डॉक्टरांनी हे फार छान समजावलं.

काळजी शुगरची आहे. तिला गरोदरपणातला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, आणि पहिल्या डोसनंतर शुगर चांगलीच चढली. काही दिवसांत उतरेल म्हणतात. तुमच्या घरी असं झालं असेल तर इन्सुलिन किती दिवस वाढवावं लागलं? डब्यात काय देत होता? भात बंद केलाय, भाकरी आणि मुगाची आमटी देतोय.

आणखी एक. इंजेक्शनांचा फायदा साधारण ७ दिवसांपर्यंत सर्वांत जास्त असतो म्हणे. कळा थांबल्या आणि आठवडा उलटला, तर कुणाला पुन्हा कोर्स दिला होता का? औषधाचा निर्णय डॉक्टरच घेतील, पण त्यांना नेमकं काय विचारावं ते सांगा.