३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरसाठी ऑप-अँप कोणता घ्यावा आणि त्याला पुरवठा कोठून द्यावा?

नमस्कार. घरच्या १२ व्होल्टच्या सौर बॅटरीतून दिव्यांना आणि पंख्याला किती प्रवाह जातो, हे मी एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरने मोजू पाहत आहे. ग्राउंडच्या बाजूला ०.०१ ओहमचा शंट (प्रवाह मोजण्यासाठीचा अगदी लहान रेझिस्टर) बसवला असून ५ अँपिअरला त्यावर जेमतेम ५० मिलिव्होल्ट मिळतात. म्हणून १ किलोओहम आणि ५६ किलोओहमचे रेझिस्टर लावून एलएम३५८ या ऑप-अँपकडून (लहान व्होल्टेज वाढवून देणाऱ्या चिपकडून) ५७ पट गेन, म्हणजे वाढ, घेतला आहे.

हा ऑप-अँप ३ व्होल्टपासून चालतो, एवढेच डेटाशीटमध्ये पाहून मी त्याला मायक्रोकंट्रोलरच्याच ३.३ व्होल्टवर जोडले. परंतु प्रवाह सव्वातीन अँपिअरच्या पुढे गेला की मायक्रोकंट्रोलरमधल्या १२ बिटांच्या एडीसीचे (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाचे) ० ते ४०९५ मधले वाचन २३०० च्या आसपास अडकते. दोन संध्याकाळी प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात घालवल्यावर मल्टीमीटर लावला, तेव्हा ऑप-अँपचे आउटपुटच १.८५ व्होल्टच्या वर चढत नसल्याचे दिसले. पुरवठ्याच्या सुमारे दीड व्होल्ट खालीच ते थांबते, ही ओळही त्याच डेटाशीटमध्ये होती.

एलएम३५८ ला ५ व्होल्ट दिले तर हवे ते २.८५ व्होल्ट सहज मिळतील. पण पंखा सुरू होताना क्षणभर जास्त प्रवाह ओढला गेला, तर आउटपुट साडेतीन व्होल्टपर्यंत जाईल आणि ते मायक्रोकंट्रोलरच्या पिनला सोसणार नाही, अशी धास्ती वाटते. म्हणून १.८ ते ६ व्होल्टवर चालणारा, रेल-टू-रेल (आउटपुट जवळजवळ शून्यापासून पुरवठ्याच्या व्होल्टेजपर्यंत नेणारा) एमसीपी६००२ ऑप-अँप घेण्याचा विचार आहे. मात्र त्याचा ऑफसेट (इनपुटवरची त्याची स्वतःची चूक) धन किंवा ऋण ४.५ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो, म्हणजे माझ्या शंटच्या हिशेबाने जवळजवळ अर्ध्या अँपिअरची चूक. ऑफसेट धन असल्यास ती प्रोग्रॅममध्ये वजा करता येईल. ऋण निघाल्यास आउटपुट शून्यालाच चिकटून राहील आणि एकट्या एलईडी दिव्याचा पाव अँपिअर प्रवाह दिसणारही नाही.

अशा वेळी इनपुटला मुद्दाम काही मिलिव्होल्टचा बायस (कायमचे जादा व्होल्टेज) देऊन एमसीपी६००२ वरच काम भागवावे, की सरळ झिरो-ड्रिफ्ट (ऑफसेट जवळजवळ शून्य ठेवणारा) ऑप-अँप घ्यावा? शिवाय मायक्रोकंट्रोलरच्याच ३.३ व्होल्टवरून पुरवठा घेताना त्यातला नॉइज अडवण्यासाठी १० ओहमचा रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ऑप-अँपच्या पुरवठ्याच्या पिनपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एवढे पुरेल का, की स्वतंत्र रेग्युलेटर लावावा? ज्यांनी शंटवर प्रत्यक्ष काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.