जीवावरण राखीव क्षेत्रातील स्वयंसेवकांच्या नोंदी संशोधनाला खरोखर उपयोगी पडतात का?

प्रश्न – झुळूक

नमस्कार. युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात असलेल्या एका जीवावरण राखीव क्षेत्राच्या (बायोस्फिअर रिझर्व्हच्या) संक्रमण क्षेत्रात, म्हणजे वस्ती आणि शेती असलेल्या बाहेरच्या पट्ट्यात, आमचा स्वयंसेवकांचा गट काम करतो. शाळांसाठी निसर्गफेऱ्या काढणे, व्याख्याने ठेवणे आणि पक्ष्यांच्या व फुलोऱ्याच्या नोंदी करणे असे आमच्या कामाचे स्वरूप आहे. अलीकडे एका संशोधकांना आम्ही या वह्या दाखवल्या, तेव्हा त्यांनी उत्साहाचे कौतुक केले, परंतु या नोंदींवरून कोणताही निष्कर्ष काढता येणार नाही, असेही स्पष्ट सांगितले. तेव्हापासून गटात दोन तट पडले आहेत: काहींच्या मते आपण केवळ शिक्षणाचे काम करावे, तर काहींना संशोधनातील सहभाग सोडायचा नाही. मनुष्यबळ मोजकेच असताना दोन्ही कामांची सांगड कशी घालावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद – पाणवठा

ही फाळणी मुळातच ओढूनताणून केलेली वाटते. ‘मानव आणि जीवावरण’ हा कार्यक्रम युनेस्कोने १९७१ मध्ये सुरू केला आणि १९९५ मधील सेव्हिल परिषदेनंतर या क्षेत्रांसाठी जी नियमावली स्वीकारली गेली, तीत संवर्धन व शाश्वत विकास यांच्या जोडीला तिसरे कार्य म्हणून संशोधन, निरीक्षण, शिक्षण आणि प्रशिक्षण यांचा एकत्रच उल्लेख आहे. त्याच नियमावलीनुसार प्रत्येक क्षेत्राचा दर दहा वर्षांनी आढावा घेतला जातो. अशा वेळी संक्रमण क्षेत्रातील सलग नोंदी हाताशी असणे मोलाचे ठरते, कारण अभ्यासकांचा ओढा साहजिकच गाभा क्षेत्राकडे, म्हणजे आतल्या कडक संरक्षित भागाकडे, अधिक असतो आणि वस्ती, शेती व जंगल यांच्या सीमेवर काय बदलते आहे, हे पाहायला फारसे कोणी थांबत नाही. गाभा क्षेत्राला त्या त्या देशाच्या कायद्याचे संरक्षण असते, त्यामुळे तेथे परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. तुमचे खरे काम त्याबाहेरच आहे.

प्रतिसाद – खोडवा

संशोधक महाशयांचे म्हणणे कठोर असले, तरी ते बहुधा रास्त असावे. ‘आज धनेश दिसला’ अशी नोंद आनंदाची असते, पण तिच्यावरून धनेश वाढले की घटले, हे कळत नाही. त्यासाठी किती वाजता निघालो, किती वाजता थांबलो, किती जण होतो आणि कोणत्या वाटेने किती अंतर चाललो, हे लिहिलेले असावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जे दिसले नाही त्याचीही नोंद हवी. रकाना कोरा राहिला, तर पक्षी नव्हता की पाहणाऱ्याने लिहिलेच नाही, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून शून्य हे शून्य म्हणूनच लिहावे. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना ‘ओळखता आलेले सर्व पक्षी नोंदवले आहेत का’ असे विचारतात, त्यामागचे कारण हेच.

माझा सल्ला असा की, दहा उपक्रम बाजूला ठेवून एकच धरावा. काही ठरावीक झाडांना क्रमांक द्यावेत आणि दर आठवड्याला त्याच झाडांची कोवळी पालवी, कळ्या, उमललेली फुले, कच्ची फळे व पिकलेली फळे ‘नाही’, ‘थोडी’ किंवा ‘भरपूर’ एवढ्याच शब्दांत नोंदवावीत. सुरुवातीचे काही आठवडे दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांचा कागद न पाहता एकाच झाडाची नोंद करावी. दोघांत जी तफावत येईल, तीवरून तुमच्या माहितीत चुकीचे प्रमाण किती असू शकते याचा अंदाज येतो आणि ‘थोडी’ म्हणजे नेमकी किती, यावर मुलांची जी हुज्जत होते, तिच्यात विज्ञानाचा अर्धा अभ्यासक्रम होऊन जातो.

प्रतिसाद – ओंजळ

खोडवा यांची पद्धत पटते. मात्र मुलांना बिनपगारी कारकून करू नये, एवढी विनंती आहे. अनेक ठिकाणी कागद गोळा होतात, ते बाहेर जातात आणि भरणाऱ्यांना पुढे काहीही कळत नाही. आलेख काढायचा तर तो मुलांनीच काढावा आणि आधी गावासमोर मांडावा. तेथील ज्येष्ठ मंडळी फुलोऱ्याच्या बदललेल्या वेळांविषयी जे सांगतील, तेही सांगणाऱ्याच्या नावासह, अर्थात त्यांची संमती असल्यास, टिपून ठेवावे. औषधी वनस्पतींच्या माहितीबाबत तर अधिक जपावे लागते: जनुकीय संसाधनांशी निगडित पारंपरिक ज्ञान समाजाची पूर्वसंमती घेऊनच वापरले जावे, हे तत्त्व २०१० च्या नागोया या जैवविविधतेविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात मान्य झालेले आहे.

झुळूक

सर्वांचे आभार. क्रमांक दिलेल्या झाडांची कल्पना दोन्ही तटांना मान्य होईल असे वाटते. एक शंका उरते: दुर्मीळ ऑर्किड किंवा घरट्यांच्या जागा आमच्या वह्यांत आहेत. नोंदी खुल्या ठेवल्यास त्या चुकीच्या हाती पडणार नाहीत का?

प्रतिसाद – खोडवा

नक्कीच पडू शकतात. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त प्रजातींचे नेमके स्थान आपोआप झाकले जाते, परंतु छायाचित्रातील ओळखीचा सुळका किंवा मैलाचा दगड जागा उघड करतो, हे लक्षात घ्यावे. अशा नोंदींची वही निराळी ठेवावी, ती शाळेत फिरवू नये आणि क्षेत्राच्या व्यवस्थापनाकडे एक प्रत देऊन तिची पोच घ्यावी.