फायटर मासा आणि काचेतले प्रतिबिंब
फायटर (बेटा) हा टाकीत पाळला जाणारा मासा सतत कल्ले फुगवतो तो खेळकरपणामुळे, तेव्हा समोर कायम आरसा ठेवावा, असा सल्ला काही जण देतात; तो कृपया कोणी अमलात आणू नये. प्रतिबिंबाला तो दुसरा नर समजतो आणि हा प्रतिस्पर्धी कधीच माघार घेत नसल्यामुळे मासा थकतो, खाणे कमी करतो, प्रसंगी स्वतःचीच शेपटी कुरतडतो. तिच्या कडेला अर्धगोल खाचा दिसू लागतात. खोलीपेक्षा टाकीतला दिवा प्रखर असला की काचेचाच आरसा होतो, म्हणून दिवा मंद करावा, मागे-बाजूंना गडद कागद लावावा आणि पाण्यावर तरंगत्या वनस्पती सोडाव्यात. या माशाच्या मूळ ठिकाणी, म्हणजे थायलंडमधल्या उथळ, झाडोऱ्याने भरलेल्या पाण्यात हरलेला नर पळून लपू शकतो. छोट्या बाऊलमध्ये ती सोय नसते. पाण्याचे तापमान 25 ते 27 अंशांवर स्थिर आहे ना, हेही तपासावे.