फाल्गुन : नाव महिन्यावरून की नक्षत्रावरून?

माझ्या भाच्याचं नाव फाल्गुन. नाव ऐकलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला: "फाल्गुनातला का?" तो जन्मला आषाढ शुद्ध षष्ठीला. तसं सांगितलं की लोकांना वाटतं, नाव ठेवताना काहीतरी चुकलंय. चुकलेलं काहीच नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

आपल्या चैत्र-वैशाखादी महिन्यांची नावं नक्षत्रांवरून पडली आहेत. पौर्णिमेचा चंद्र चित्रा नक्षत्राच्या आसपास असतो तो चैत्र, विशाखेच्या आसपास असतो तो वैशाख. नक्षत्राच्या नावातला पहिला स्वर वाढतो आणि महिना तयार होतो: पुष्याचा पौष, मघेचा माघ, श्रवणाचा श्रावण, फल्गुनीचा फाल्गुन. पाणिनीने याच्यासाठी सूत्रच दिलंय, 'सास्मिन् पौर्णमासीति', म्हणजे त्या नक्षत्राची पौर्णिमा ज्यात येते तो महिना त्या नावाचा. थोडक्यात, महिन्याचं नाव हेच मुळी नक्षत्राकडून आलेलं आहे.

आता माणूस. फाल्गुन हे अर्जुनाचं नाव आपल्याला ठाऊक असतं, पण ते त्याला का मिळालं हे तो स्वतःच सांगतो. महाभारताच्या विराटपर्वात विराटपुत्र उत्तराला आपली दहा नावं उलगडून सांगताना तो म्हणतो, मी हिमालयाच्या पाठीवर फल्गुनी नक्षत्रावर जन्मलो, म्हणून मला फल्गुन म्हणतात. तिथे नावाचं कारण नक्षत्र आहे, महिना नव्हे. फल्गुन आणि फाल्गुन अशी दोन्ही रूपं अर्जुनासाठी वापरलेली सापडतात.

चंद्र साधारण सव्वासत्तावीस दिवसांत सगळी नक्षत्रं फिरून येतो, तेव्हा फल्गुनी दर महिन्यात येते. भाच्याच्या पत्रिकेत 'उत्तरा' लिहिलंय, म्हणजे उत्तरा फल्गुनी. मला वाटतं गोंधळाचं मूळ इथेच आहे. पंचांगात आणि बोलण्यात आपण नुसतं 'पूर्वा', 'उत्तरा' म्हणतो, 'फल्गुनी' गळून पडतं. नक्षत्राचं नाव कानावरून गेलं आणि महिन्याचं तेवढं राहिलं.

याहून सुंदर गोष्ट पुढे आहे. ऋग्वेदातल्या सूर्येच्या विवाहसूक्तात (10.85) याच नक्षत्रांना 'अर्जुनी' म्हटलं आहे. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातही फल्गुनींचं खरं नाव अर्जुनी, आणि अर्जुन हे इंद्राचं गुप्त नाव, असं येतं. इंद्रपुत्राची अर्जुन आणि फाल्गुन ही दोन नावं एकाच तारकांकडे बोट दाखवतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

काही जण 'फल्गु म्हणजे क्षुल्लक, मग मुलाला कसलं नाव ते' असं म्हणतात. तो अर्थ आहे, नाकारत नाही. पण वैदिक वाङ्मयात फल्गु म्हणजे तांबूस असाही अर्थ आहे, आणि नाव ठेवताना आपण नक्षत्राचं ठेवतो, विशेषणाचं नाही.

मराठी माणसाला फाल्गुन म्हटलं की आठवतो तो मात्र 'संशयकल्लोळ'मधला फाल्गुनराव. देवलांनी या नाटकात पुरुषांना महिन्यांची आणि बायकांना नक्षत्रांची नावं दिली आहेत. फाल्गुनराव, अश्विनशेठ, गडी भादव्या. इकडे कृत्तिका, रेवती. आता जोड्या बघा. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात आश्विन महिन्याच्या वाट्याला रेवती, अश्विनी, भरणी ही तीन नक्षत्रं येतात, तेव्हा अश्विनशेठ आणि रेवती हे घरचेच. कृत्तिका मात्र कार्तिकाची. ती फाल्गुनरावाच्या घरात आहे, आणि नवराबायको दोघंही संशयाने जळताहेत. देवलांच्या मनात हा हिशेब होता असा माझा दावा नाही, पण नावं इतकी चपखल बसलेली पाहून जीव सुखावतो.

मुलींच्या नावात एक बारीक फरक आहे, तो जपावा. 'फल्गुनी' हे नक्षत्र, 'फाल्गुनी' ही त्या महिन्याची पौर्णिमा. श्रावणीचंही तसंच, ती श्रावणातली पौर्णिमा. कार्तिकबद्दल फार लिहीत नाही. ते कार्तिकेयाचंही असू शकतं, आणि त्याला वाढवणाऱ्या सहा कृत्तिकांमुळे तिथेही मूळ नक्षत्रच निघतं.

अस्सल महिन्याचं नाव मिरवणारा माणूस हवा असेल तर तो माधव. वेदकाळी महिन्यांना नक्षत्रांची नावं नव्हती, ऋतूंच्या गुणांची होती: मधु म्हणजे चैत्र, माधव म्हणजे वैशाख, पुढे शुक्र, शुचि, नभस्, नभस्य असे बारा. कृष्णाच्या 'माधव'ची फोड मधुकुळातला किंवा मा म्हणजे लक्ष्मी, तिचा धव, अशी करतात ती वेगळी. पण शब्द तोच. इतके माधव आपल्या ओळखीत असतात, आणि त्यांतल्या एकालाही कुणी कधी "वैशाखातला का?" असं विचारलेलं मी ऐकलेलं नाही.