कॉपी प्रोटेक्शनचा जाच पैसे मोजणाऱ्यालाच का?

धागाकर्ता :
मागच्या महिन्यात कपाट आवरताना 2009 साली पैसे साठवून घेतलेल्या एका गेमचा खोका हाती लागला. डीव्हीडीवर एक ओरखडा नव्हता आणि माहितीपुस्तिकेच्या मागचे सिरियल कीचे स्टिकरही शाबूत होते. आठचा आकडा की ‘बी’ हे अक्षर, हे मोबाईलच्या उजेडात निरखून पाहत मी ती लांबलचक की भरली, तेव्हा या कीवरील अ‍ॅक्टिव्हेशनची मर्यादा संपल्याचा संदेश पडद्यावर आला. मर्यादा तीन वेळांची होती : पहिल्यांदा गेम बसवला तेव्हा एकदा, हार्ड डिस्क जळाल्यावर एकदा आणि मदरबोर्ड बदलल्यावर एकदा. कंपनीला ईमेल केला, तर तिने खरेदीची पावती मागितली. पावती खोक्यातच होती. पण तिच्यावरची शाई इतक्या वर्षांत उडून गेली होती आणि हातात फक्त कोरा कागद उरला होता.

माझा अनुभव एकट्याचा आहे, असे कोणी समजू नये. 2008 साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ‘स्पोअर’ हा गेम सेक्युरॉम या संरक्षणासह आणला आणि एका प्रतीवर तीनच संगणकांची परवानगी दिली. ग्राहकांनी अ‍ॅमेझॉनवर एकेक तारा देऊन संताप नोंदवला आणि मग कंपनीने ती मर्यादा पाचवर नेली. मात्र पायरसीच्या बातम्या देणाऱ्या टॉरेंटफ्रीक या संकेतस्थळाच्या त्याच वर्षीच्या यादीत सर्वाधिक डाउनलोड झालेला पायरेटेड गेम ‘स्पोअर’च होता. पुढे 2010 मध्ये युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड 2’साठी इंटरनेट सतत जोडलेले असण्याची अट घातली. एकट्याने खेळायच्या गेमला इंटरनेट कशासाठी? मार्चमध्ये कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला, तेव्हा पैसे भरून गेम घेतलेले कित्येक लोक ताटकळत बसले. आपल्याकडे त्या काळी 256 केबीपीएसच्या जोडणीलाही सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणत असत आणि ती जोडणी पावसाळ्यात किती टिकत असे, हे आपण सर्वांनी भोगले आहे.

चोराने फोडलेल्या प्रतीत यापैकी कसलाच त्रास नसतो. म्हणून माझी मागणी अशी आहे की, कंपनीने गेमला कुलूप जरूर लावावे, परंतु ते कधी काढणार याची तारीख खोक्यावरच छापावी.

प्रतिसाद : कोथरूडकर
मी एका लहानशा गेम स्टुडिओत काम करतो, त्यामुळे मला दुसरी बाजू ठामपणे मांडावीशी वाटते. आमचा गेम प्रकाशित झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो टेलिग्रामवर फुकट फिरू लागला. आठवडाभरात आमच्याकडे अशा लोकांच्या तक्रारी येऊ लागल्या, ज्यांच्याकडची आवृत्ती आम्ही कधी विकलीच नव्हती. ‘सेव्ह फाइल उडाली, लवकर दुरुस्त करा’ असे हक्काने लिहिणाऱ्या माणसाने आम्हाला एक रुपयाही दिलेला नसतो आणि तरीही त्याचा ईमेल वाचण्यात आमच्या एका सहकाऱ्याची सकाळ जाते.

कुलूप निरुपयोगी असते, हे म्हणणेही आकड्यांना धरून नाही. डेनुव्हो हे संरक्षण असलेल्या 86 गेमचा एक अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. गेम अगदी सुरुवातीलाच फुटला, म्हणजे त्याचे संरक्षण कोणी तोडले, तर उत्पन्नात सरासरी 20 टक्क्यांच्या आसपास घट होते, असा त्याचा अंदाज आहे. मोठी कंपनी तेवढी घट सोसू शकेल. आमच्यासारख्यांच्या बाबतीत पुढचा गेम होणार की नाही, हे त्यावरच ठरते.

प्रतिसाद : जुनाखेळाडू
कोथरूडकर, त्याच अभ्यासाचा उरलेला निष्कर्षही सांगायला हवा होता. बारा आठवड्यांनंतर गेम फुटला, तर उत्पन्नावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे धागाकर्त्यांच्या मागणीला तुमचाच पुरावा बळ देतो.

दुसरे असे की, हे संरक्षण आपल्या यंत्रात किती खोलवर शिरते, याचा विचार कोणी करत नाही. सेफडिस्क या जुन्या डिस्कवरच्या संरक्षणाचा ड्रायव्हर, म्हणजे त्यासाठीचा छोटा प्रोग्रॅम, थेट विंडोजच्या गाभ्यात बसत असे. तो धोक्याचा आहे, म्हणून मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये विंडोज 10 मध्ये त्याला थाराच दिला नाही आणि त्याच सप्टेंबरमध्ये जुन्या विंडोजवरही अद्यतनाद्वारे तो बंद केला. त्या निर्णयात चूक नव्हती, पण त्यापायी शेकडो अस्सल डिस्क एका फटक्यात मुक्या झाल्या. ‘रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज’चे उदाहरण तर आणखी बोलके आहे. विकत घेतलेला हा गेम खेळताना मध्येच अडखळत असे, ते अडखळणे संरक्षण फोडलेल्या आवृत्तीत नव्हते आणि तो काढणाऱ्या कॅपकॉम कंपनीला जुलै 2021 मध्ये सुधारणा आणावी लागली.

प्रतिसाद : कायद्याचा विद्यार्थी
स्वतः विकत घेतलेल्या गेमचे कुलूप फोडले तर गुन्हा होतो का, हा प्रश्न इथे कोणीतरी विचारणारच, म्हणून थोडक्यात लिहितो. 2012 च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम 65अ आले. हक्कांचे उल्लंघन करण्याच्या हेतूने संरक्षण फोडणाऱ्यास त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. यात हेतूला महत्त्व आहे, हे ध्यानात घ्यावे.

धागाकर्ता :
माहितीबद्दल आभारी आहे. पण कायद्याने वाट मोकळी ठेवली, तरी क्रॅक, म्हणजे कुलूप फोडणारी फाइल, आणायची कोठून? जिथे ती मिळते त्या संकेतस्थळांवर प्रत्येक बटणाखाली व्हायरस दबा धरून बसलेला असतो आणि त्याच संगणकावर माझे बँकेचे व्यवहार चालतात. कोथरूडकरांना मला एवढेच विचारायचे आहे की, ‘विचर 3’ 2015 मध्ये पहिल्या दिवसापासून गॉग या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर कुलुपाविना विकला गेला आणि तरीही उदंड खपला, हे कसे?

प्रतिसाद : कोथरूडकर
त्यामागे आधीच्या दोन भागांची पुण्याई होती, आमच्यापाशी ती नाही. तरीही बारा आठवड्यांचा मुद्दा मला पटला. एकट्याने खेळायच्या गेमचे कुलूप विक्रीचा भर ओसरल्यावर काढावे, हे मी आमच्या पुढच्या बैठकीत मांडेन. सर्व्हरवर चालणाऱ्या गेमबाबत मात्र मी असा शब्द देऊ शकत नाही, कारण कुलूप काढल्यावरही सर्व्हरचे भाडे कोणीतरी दरमहा भरावेच लागते.

प्रतिसाद : जुनाखेळाडू
भाडे भरू नका, पण गेम बंद करताना तो घरच्या संगणकावर चालेल अशी शेवटची आवृत्ती द्या. युबिसॉफ्टने डिसेंबर 2014 मध्ये आलेला ‘द क्रू’ हा सर्व्हरवर चालणारा गाड्यांच्या शर्यतीचा गेम 31 मार्च 2024 रोजी बंद केला, तेव्हा एकट्याने गाडी चालवणाऱ्यांचाही गेम गेला. त्यातून उभ्या राहिलेल्या युरोपातील मागणीपत्रावर जुलै 2025 पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि त्यांचे मागणे याहून अधिक नाही. अशी आवृत्ती तयार करायला तुमच्या स्टुडिओला किती दिवस लागतील, ते बैठकीनंतर इथे अवश्य लिहा.