कानात रुतलेलं गाणं: तुमचं कोणतं, आणि ते तुम्हाला कुठे भेटलं?

'सर्वोत्तम दहा' वगैरे याद्या नकोत, त्या खूप झाल्या. एकच गाणं किंवा एकच बँड सांगा, कुठल्याही प्रकारातला. पण ते कशावर ऐकलंत, कुणामुळे ऐकलंत, हे सांगायलाच हवं. सुरुवात माझ्यापासून.

१९९५ असेल. आमच्या गावात कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं. वहीच्या पानावर यादी लिहायची, साठची कोरी कॅसेट द्यायची आणि आठ दिवसांनी आणायला जायचं. 'ए' बाजूला बाबांची नाट्यगीतं (नाहीतर पैसे कोण देणार?), 'बी' बाजू माझी. शेवटचं गाणं 'सांज ये गोकुळी'. तीस मिनिटांत ते मावत नव्हतं, दुकानदाराने तरी कोंबलं. दुसरं कडवं संपतं न संपतं तोच खट्! पुढे कित्येक वर्षं माझ्यासाठी ते गाणं दोनच कडव्यांचं होतं. एकदा एसटीत ड्रायव्हरने लावलं, आणि आशाबाई थांबेचनात. तिसरं कडवं! मी शेजारच्या बाईंकडे असं बघितलं, जणू त्यांनी ते लपवून ठेवलं होतं. अजूनही दुसरं कडवं सरलं की कान त्या 'खट्'ची वाट बघतात.

लोखंडी_नाशिककर:
आयर्न मेडन, इंग्लंडचा हेवी मेटल बँड. मार्च २००७, बंगळुरू, पॅलेस ग्राउंड्स. घरी सांगितलं, कॉलेजची इंडस्ट्रियल व्हिजिट आहे. उद्यान एक्सप्रेसचा जनरल डबा, जवळजवळ अख्खा दिवस-रात्र, चौघांत एक वडापावची पुडकी. 'फिअर ऑफ द डार्क' सुरू झालं तेव्हा शब्दांच्या आधी गिटारची धूनच सगळं मैदान गात होतं. परतल्यावर घसा असा बसला होता की आई म्हणाली, व्हिजिट बर्फाच्या कारखान्यात होती का?

पण माझं गाणं ते नाही. माझं त्यांचंच 'हॅलोड बी दाय नेम', १९८२चं. सुरुवातीला घंटेचे टोल पडतात. घरी पहिल्यांदा मोठ्याने लावलं तेव्हा आजी स्वयंपाकघरातून हात पुसत आली, "आरती लागली का रे?" मग आरडाओरडा ऐकून बसलीच. अर्थ विचारला. म्हटलं, एका माणसाला पहाटे फाशी आहे, शेवटच्या घटकेत तो देव आहे की नाही ते बघतोय. आजी म्हणाली, "मग हा अभंगच की. फक्त कुणीतरी शेपटीवर पाय दिल्यासारखा म्हणतोय."

जुना_खोडरबर:
आजींना नमस्कार. आमच्या वेळी बंगळुरूला जावं लागत नव्हतं, मुंबईत धोबीतलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह होतं. १९८६ला तिथे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव सुरू झाला. मुंबईचीच पोरं, 'रॉक मशीन', स्वतःची इंग्रजी गाणी वाजवायची (पुढे त्यांचंच 'इंडस क्रीड' झालं). पुढे तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन गप्प झालं. बाजूने जाताना अजून मान वळते.

मठ्ठ_ग्राहक:
पिंक फ्लॉइड, 'विश यू वर हिअर'. सुरुवातीची गिटार मुद्दामच रेडिओतून आल्यासारखी, बारीक आणि खरखरीत ठेवली आहे. मला काय माहीत? कॅसेट खराब आहे म्हणून दुकानात नेऊन भांडलो, बदलून आणली. दुसरीही तशीच. पुन्हा गेलो.

देशवंडीचा_शेजारी:
इतका वेळ वाचतोय. रॉक झालं, मेटल झालं, आमच्या गल्लीचं कुणी काढेना, म्हणून लिहितो. आमच्याकडे वर्ष १४ एप्रिलपासून मोजतात. भीमगीतं लिहिणारे लोकशाहीर वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, म्हणजे आमच्याच बाजूचे, त्यामुळे त्यांची गाणी पाठ करावी लागली नाहीत, ती होतीच. पण माझा खरा गोंधळ प्रल्हाद शिंदेंनी केला. समोरच्या माळकरी काकूंकडे 'पाऊले चालती पंढरीची वाट', आमच्याकडे त्यांचीच भीमगीतं, चौकातल्या टपरीवर त्यांचीच कव्वाली. सहावीपर्यंत मला हे तीन वेगळे गायक वाटत होते. तीन घरांच्या मधोमध उभं राहिलं की एकच माणूस तीन बाजूंनी गातोय, हे फार उशिरा कळलं.

सुशेगाद_बाय:
हांव गोंयची, मराठी चुकली तर सांभाळून घ्या. आमच्याकडे लॉर्ना, कोंकणी गायिका. 'बेबदो', म्हणजे दारुडा. संगीत क्रिस पेरींचं, ते मडगावच्या बोर्ड्याचे. लग्नात हे लागलं की सगळ्यात आधी नाचायला उठायचे ते माझे मामा, आणि गाणं कुणाबद्दल आहे ते फक्त त्यांनाच कळत नसे. मामी बसल्या जागेवरून प्रत्येक ओळीला त्यांच्याकडे बोट दाखवायची.

वाळूतला_वडा:
दुबई. ऑफिसातला लेबनीज सहकारी सकाळी फैरूज लावतो, म्हणजे त्यांच्याकडची प्रसिद्ध गायिका. सकाळी फैरूजच, दुपारनंतर नाही, हा त्यांच्याकडचा शिरस्ता. भाषा कळत नाही, पण आकाशवाणीवरची सकाळची भक्तिगीतं ऐकत डबा भरल्याचा वास येतो.

वरातीचा_पुतण्या:
'आवडता बँड' वाचून हसलो. आमच्या घरी बँड म्हणजे काकांचा बँड. ते क्लॅरोनेटवर. लगीनसराईत दिवसाला दोन वराती, रात्री ओठाला तूप लावून बसायचे. मागणी कायम 'नागीन'ची, १९५४चा सिनेमा. वरातीत कुणीतरी तोंडात रुमाल धरून लोळणार, आणि काका त्याच्या डोक्यावर वाकून वाजवणार. मी मोठा झाल्यावर कुठेतरी वाचलं की सिनेमातली ती बीन बीन नव्हतीच, कल्याणजींनी क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर ती वाजवली होती. मोठ्या उत्साहाने काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आम्ही तरी कुठे बीन वाजवत होतो?"

घरी मात्र ते 'नागीन' कधीच वाजवत नसत. सुट्टीच्या दिवशी पहाटे, ओसरीवर, हळू आवाजात 'उठी उठी गोपाला'. गल्लीतल्या कुणालाच हे ठाऊक नाही.

लोखंडी_नाशिककर:
काका अजून वाजवतात का?

वरातीचा_पुतण्या:
पुढचे दात गेले हो. क्लॅरोनेटला वरचे दात टेकवायला लागतात. कवळी करून घेतली आहे, पण फुंकताना ती हलते. डेंटिस्टला दाखवायला काका वाद्य घेऊनच गेले होते. पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय.